चिमट्याचे ओठ

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात चार वर्षांपूर्वी मी दोन पानांचा लेख लिहिला होता. 'पुढचा ब्रेक विसरा' असं त्याचं नाव. सायकलचा पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उलटा फेकला जातो, माझ्या सुनेचं तसंच झालं, तेव्हा घरातल्या मुलानातवंडांना मागचाच ब्रेक वापरायला शिकवा, असं त्यात होतं. खाली माझ्या नावापुढे 'निवृत्त फिटर, अडतीस वर्षांचा अनुभव' असं छापलं होतं. लेख लोकांना आवडला. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एकाने तर स्कूटरचाही पुढचा ब्रेक दाबायचं सोडून दिलं आणि मला मुद्दाम थांबवून तसं सांगितलं. मी मान हलवली आणि पुढे चालू लागलो.

त्या लेखात एकच गोष्ट खरी होती. माझी सून पडली. का पडली ते मी खोटं लिहिलं होतं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, कॉलनीच्याही वर, डोंगराच्या पायथ्याला. इमारत जुनी, बिनलिफ्टची. आमचं घर पहिल्या मजल्यावर. गेटमधून बाहेर पडलं की रस्ता लगेच उतरायला लागतो, अर्ध्यावर एक वळण घेतो आणि थेट मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला जाऊन भिडतो. पायी उतरतानासुद्धा गुडघे आपोआप आखडतात, एवढा उतार आहे. घरात मी, मुलगा, सून आणि नात. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली.

सून घाटकोपरच्या एका दवाखान्यात, लॅबमध्ये काम करते. मोठ्या रस्त्यावर मेट्रोच्या कामाच्या कुंपणाचे पत्रे लागले तेव्हापासून भांडुप ते विक्रोळी एवढ्या अंतरात तिची बस इतका वेळ अडकायची की घरी येईपर्यंत तिच्यात बोलायचंही त्राण नसायचं. मग तिने सायकलचं मनावर घेतलं. घाई केली नाही. महिनाभर दर रविवारी कुणाकुणाच्या सायकली मागून आणल्या, चालवून पाहिल्या, कांजूरमार्गपर्यंत जाऊन आली. आणि एक दिवस निळी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून आली.

"कसली आहे ही?" मी विचारलं.

"हायब्रीड, बाबा."

मला हसू फुटलं. माझं गाव माण तालुक्यातलं. माझ्या लहानपणी आमच्याकडे हायब्रीड ज्वारी नवी नवी आली, तेव्हा आई भाकरी थापताना वैतागायची. तव्यावरून ताटात येईपर्यंत मोडते म्हणायची. पुढे गावात हा शब्द शिवीसारखाच झाला. किरकिरा पोरगा हायब्रीड, पहिल्याच पावसात गळणारी छत्री हायब्रीड. तो शब्द घेऊनच मी मुंबईत आलो होतो.

"म्हणजे धड इकडची नाही, धड तिकडची नाही," मी म्हणालो.

"तशीच तर हवी होती मला. ती रेसची, वाकून चालवायची, ती चालवून बघितली ना. पेव्हर ब्लॉकवर आलं की मणके खिळखिळे. आणि खाली वाकलं की नुसता रस्ता दिसतो, बाजूची बस दिसत नाही. मग डोंगरातली घेतली, जाड टायरची. तिच्यावर खड्डा कळत नाही, पण पूल चढताना वाटतं मागून कुणीतरी कॅरिअर धरून ठेवलंय. हिचं चाक बघा, रेसच्या सायकलीएवढं मोठं. टायर त्याहून जरासं रुंद. हँडल सरळ, ताठ बसायचं, सगळीकडे बघत जायचं. मागे डबा बांधता येतो. आणि मुख्य म्हणजे एकटीला जिना चढवता येते."

"माझी काळी सायकल तीस वर्षं चालली. तिला कुणी जात विचारली नाही."

"ती काळी उचलून आणा बघू पहिल्या मजल्यावर. आणलीत तर रविवारचं मटण माझ्याकडून."

मटण काही मिळालं नाही. काळी सायकल आणायला मी गेलोच नाही.

ती त्या सायकलवर खरोखर सुखी होती. संध्याकाळी घामाने थबथबलेली यायची, आणि तरी चहा टाकता टाकता गुणगुणायची. कुठल्या गल्लीतून शॉर्टकट आहे, कुठल्या झाकणावरून चाक घसरतं, हे जेवताना आम्हाला ऐकवायची. मी मधूनमधून 'तुझी हायब्रीड' म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, "चालू द्या, बाबा. एक दिवस तुम्हीच मागाल."

एका शनिवारी संध्याकाळी पुढच्या चाकातली हवा गेलेली दिसली. मुलगा म्हणाला, नाक्यावर देऊन येतो. मी म्हणालो, घरात फिटर असताना नाक्यावर कशाला? जिन्याखाली सायकल उलटी ठेवून मी बसलो. नात तेव्हा तेरा वर्षांची होती. ती पायरीवर बसून बघत होती.

माझ्या काळ्या सायकलची चाकं नटने आवळलेली असायची. पाना लावला की विषय संपला. हिला पाना नव्हता. चाकाच्या मधोमध एका बाजूला बोटाएवढी लिव्हर होती. ती उघडली. चाक सैल झालं, पण बाहेर येईना. ज्याला सायकलवाले चिमटा म्हणतात, म्हणजे पुढचं चाक दोन पायांत धरणारा भाग, त्याच्या दोन्ही टोकांना खाचेच्या कडेवर बारीक उंचवटे होते. चाकाचा आस तिथे अडत होता. दुसऱ्या बाजूचा नट खूप सैल केल्यावर चाक निघालं. ट्यूबचं पंक्चर काढलं. पण ते उंचवटे माझ्या डोक्यातून जाईनात.

आमच्या कारखान्यात ओतकामातून आलेल्या वस्तूच्या कडेला जादा धातू राहिलेला असे. त्याला आम्ही बर म्हणायचो. बर दिसली की कानस मारायची. शिकाऊ असताना बर राहिलेला एक जॉब, म्हणजे मी घडवलेला भाग, फोरमनने सगळ्यांसमोर माझ्या पायाशी भिरकावला होता. त्यानंतर माझा हात डोळ्यांच्याही आधी बर शोधायचा. सायकलच्या त्या कडा मला बरच वाटल्या. "हायब्रीडच ती," मी नातीला म्हणालो, "फिनिशिंगसुद्धा धड केलेलं नाही." आणि पिशवीतून अर्धगोल कानस काढून दोन्ही बाजूंच्या कडा घासून सपाट केल्या. बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत. चाक खाचेत अलगद जाऊन बसलं. मी स्वतःवर खूष झाल्याचं मला आठवतं.

मग लिव्हर धरून विंग नटसारखी गोल फिरवत गेलो. पुढे फिरेना तोवर आवळली.

"आबा, त्याच्यावर काहीतरी लिहिलंय," नात म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"ओपन."

"मग उघडलंच ना आपण? झालं आता."

सोमवारी सकाळी सून निघाली. उताराच्या शेवटी, सिग्नलच्या थोडं आधी, बाजूच्या गल्लीतून पाण्याचा टँकर पुढे आला. तिने ब्रेक दाबले. पुढचं मला तिच्या सांगण्यावरूनच माहीत आहे. हातातलं हँडल एकदम हलकं झालं, आणि मग रस्ता तोंडावर आला.

गळ्याजवळचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं, समोरचे दोन दात गेले. टँकर थांबला होता, म्हणून ती आहे.

दुपारी हॉस्पिटलमधून तिचे कपडे न्यायला मी घरी आलो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सायकल आणून जिन्याखाली ठेवली होती. सायकल एका बाजूला, पुढचं चाक दुसऱ्या बाजूला, मीटरच्या पेटीला टेकवलेलं. मी चाक हातात घेऊन फिरवलं. ते गरगर सरळ फिरलं. त्याची एकही तार वाकलेली नव्हती. आपटून उखडलेलं चाक असं नसतं. लिव्हर तशीच होती, आणि 'ओपन' ही अक्षरं माझ्याकडे तोंड करून होती. मी जिन्यात बसलो. मुलाचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, अजून घरीच आहात?

संध्याकाळी ती शुद्धीत होती. तोंड सुजलेलं, शब्द नीट येत नव्हते. तरी माझ्याकडे बघून तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

"बाबा, चाक आधी गेलं. मग मी पडले. ना?"

मुलगा पलंगाच्या पलीकडे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. यंत्राचा प्रश्न आमच्या घरात माझ्यापाशीच येतो.

मी म्हणालो, "नाही गं. पडल्यावर निसटतं ते. तू घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला असशील. पुढचा दाबला की उलटायला होतं."

"बाबा म्हणतायत ना, मग तसंच असणार," मुलगा म्हणाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल."

हा शब्द मी चार वर्षं ऐकतो आहे. तिने भांडण केलं असतं, तर मी कदाचित त्याच वेळी मोडलो असतो. पण तिने मला तज्ज्ञ मानलं आणि स्वतःच्या हातांनी जे अनुभवलं होतं ते सोडून दिलं.

आठवड्याने मी सायकल टेम्पोत घालून भांडुपला एका दुकानात नेली. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, मालवणचा. मुलुंडला नेली नाही, कारण तिथे आम्हाला ओळखतात. त्याने सायकल स्टँडवर चढवली, चिमट्याच्या टोकाला अंगठा लावला आणि हात मागे घेतला.

"काका, ह्या कोणी केल्यान?"

"काय?"

"ओठ कापलेत ह्याचे. दोन्ही बाजूंचे. ओ काका, हे शोभेला नसतात. लिव्हर नीट लावायची विसरला कोणी, तरी चाक ह्या ओठांना अडकून राहतं. त्यात हिला डिस्क ब्रेक. तो दाबला की चाक खाली, खाचेच्या बाहेर ढकललं जातं. लिव्हर सैल, ओठ नाहीत, आणि ब्रेक दाबला. मग राहिलं काय?"

मी विचारलं, लिव्हर कशी लावायची? त्याने चाक बसवून दाखवलं. लिव्हर गोल फिरवायची नाही. आधी पलीकडचा नट बोटाने फिरवून बेताचा करायचा, मग लिव्हर तळहाताने दाबून पलटी मारायची. अर्ध्या वाटेवर तिने विरोध करायला हवा. पूर्ण मिटली की तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. वळ नाही उमटला तर लागली नाही समजायचं. त्याने मला स्वतःचा तळहात दाखवला. मधोमध आडवी लाल रेघ होती.

"कोण पडलं हो?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. जुनी विकत घेतलीय."

"मग चिमटा बदला. बदलल्याशिवाय कोणाला चढू देऊ नका."

मी चिमटा बदलला नाही. नवा चिमटा बसवायचा, तर का बसवला हे घरात सांगावं लागलं असतं. वाटेत चिमट्याला जुळणाऱ्या काळ्या रंगाची छोटी डबी घेतली, आणि घरी कुणी नसताना, कानस मारून उघड्या पडलेल्या धातूवर तो रंग लावला. दोन हात दिले. लिव्हर नीट मिटून ठेवली. सायकलला जिन्याखाली साखळी लावली. आणि नंतर महिन्याभरातच तो लेख लिहून दिला. एकदा छापून आलं की ते खरं होईल, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

सून सहा महिन्यांनी कामावर गेली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस मागे बांधायचे तर नात बांधून देते. रोज सकाळी आरशापुढे सून मान खाली घालून बसते, मागे नात तोंडात पिना धरून उभी असते, आणि मी पेपर वर धरून बसतो. भेटायला येणाऱ्याला सून नवे दात दाखवत हसून सांगायची, "माझंच चुकलं हो. पुढचा ब्रेक दाबला ना मी. बाबा कधीचे सांगत होते." मी कधी काहीच सांगितलेलं नव्हतं. पण तिने तेही मला देऊन टाकलं होतं.

गेल्या वर्षी नातीला सायकल हवीशी झाली. मैत्रिणी सायकलवर क्लासला जातात, आपली सायकल नुसती धूळ खातेय. सून आठ दिवस नाही म्हणत होती. मग एका रात्री जेवताना तयार झाली, पण एका अटीवर.

"पुढच्या ब्रेकची तार काढून टाका, बाबा. तो ब्रेकच नको तिच्या हातात."

पुढच्या ब्रेकशिवाय ती सायकल त्या उतारावर म्हणजे काय, हे त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा दाबला तर चाक नुसतं फरफटतं. मी म्हणालो, "काढतो." आणि दुसऱ्या दिवशी काढली.  मनाची समजूत घातली, की ती आवारातच फिरवणार. वर्षभर ती आवारातच फिरवत होती. आणि प्रत्येक वेळी मी आधी खाली जाऊन लिव्हर दाबून बघत होतो. कुणाला कळत नव्हतं. माझ्या तळहातावर वळ असायचा.

या जूनमध्ये नात बारावीत गेली. क्लास स्टेशनजवळ, सकाळी सव्वासातचा. सुनेने पहिल्यांदाच उताराला परवानगी दिली. मला हे रविवारी रात्री कळलं. मी ठरवलं, सकाळी ती निघायच्या आत लिव्हर बघायची आणि मग फिरायला जायचं. पण सकाळी सवयीने पाय फिरायलाच गेले. नाक्यावर गप्पा झाल्या. परत निघालो तेव्हा आठवलं, आणि त्या चढावर मी जितक्या लवकर येऊ शकतो तितक्या लवकर आलो.

गेटच्या आत नात सायकलवर बसलेली होती. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, पाठीला सॅक. वर गॅलरीत सून उभी.

"आबा, बघा ना कशी चमकतेय. काल धुतली. पुढचं चाक काढून आतून पण पुसलं."

"चाक कुणी बसवलं?"

"मीच. तुम्ही बसवलं होतंत ना तेव्हा, सेम तसंच. फिरवून फिरवून. एकदम टाइट."

मी खाली बघितलं. 'ओपन' ही अक्षरं बाहेर होती.

तिने जमिनीवरचा पाय उचलला. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"उतर."

"काय यार आबा! उशीर होतोय. पहिल्याच दिवशी वाट लागेल माझी."

"उतर म्हटलं ना!"

वॉचमन खुर्चीतून उठला. वरून सुनेचा आवाज आला, "काय झालं, बाबा? तार काढलीय ना पुढची? मी बजावलंय तिला, मागचाच दाबायचा."

त्या क्षणीसुद्धा सुटायला जागा होती. हवा कमी आहे म्हणायचं, सायकल मागे न्यायची, लिव्हर मिटायची, पोरीला सोडायचं. वाक्य तोंडात तयार होतं. चार वर्षं अशी वाक्यं तयार ठेवायची मला सवयच झाली होती. पण ही पुन्हा केव्हातरी चाक काढणार होती. माझ्याकडे बघून शिकलेलंच करणार होती. आणि त्या दिवशी मी फिरायला गेलेला असणार, किंवा नसणारच.

नात कुरकुरत उतरली. मी सायकलचं पुढचं टोक हँडलला धरून उचललं आणि टायरवर वरून मूठ मारली. चाक हललं. दुसरी मारली. चाक चिमट्यातून निसटलं, फरशीवर आपटलं, गेटकडे गडगडत गेलं आणि वॉचमनच्या पायाशी आडवं झालं.

 मी वर बघितलं.

"ब्रेक कुणी दाबला?" मी सुनेला विचारलं. "आता सांग. कुणी दाबला ब्रेक?"

ती खाली आली. चपला न घालता आली. उकिडवी बसली आणि चिमट्याच्या टोकावरून बोट फिरवलं.

"हा रंग वेगळा आहे."

"मी लावलाय."

हातातल्या घराच्या किल्लीने तिने तो रंग खरवडला. खाली पांढरा धातू चमकला. मी तिला सगळं सांगितलं. कडा, कानस, लिव्हर, टँकरच्या दिवशी दुपारी जिन्यात बसलो होतो ते, भांडुप. वॉचमन ऐकत होता, दूधवाला ऐकत होता. नात एकदा माझ्याकडे, एकदा गेटबाहेरच्या उताराकडे बघत होती.

"कधी कळलं तुम्हाला?" सुनेने विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी."

"मी हॉस्पिटलमध्ये विचारलं, तेव्हा?"

"माहीत होतं."

ती किल्लीने खरवडतच राहिली. रंग निघाला होता तरी.

"म्हणजे मी ब्रेक चुकीचा दाबला नव्हता."

"नाही. बरोबर दाबलास. तिथे दोन्ही दाबायचे, आणि पुढचा जास्त. तुझं काही चुकलं नाही."

"मी रिक्षात बसले ना, बाबा, तरी पाय आखडून बसते. चार वर्षं. वाटतं, रिक्षावाला पण माझ्यासारखाच घाबरेल, आणि भलताच ब्रेक दाबेल." तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, मला घाई आहे, मला अक्कल नाही, म्हणून माझं असं झालं. आणि हिला मी काय शिकवलं? हिचा ब्रेक काढायला लावला मी. तुम्ही काढलात. मी सांगितलं आणि तुम्ही काढलात!"

"मम्मी," नात म्हणाली, "म्हणजे मी आत्ता..."

"तू रिक्षाने जा. सुट्टे आहेत का? जा."

नात गेली. मी म्हणालो, "मला माफ..."

"आत्ता नको," सून म्हणाली. "तो लेख आहे ना तुमचा. लोक वाचून बसलेत. पोरांना शिकवून बसलेत. आधी तो परत घ्या. जिथे छापलाय तिथेच, आणि सगळं लिहा. रंगाचं पण लिहा."

म्हणून हे लिहिलं आहे. रंगाचंही लिहिलं. जो गृहस्थ स्कूटरचा पुढचा ब्रेक दाबत नव्हता, त्याच्या घरी त्याच दिवशी जाऊन आलो. तो आधी हसला, मग त्याने मला बसा म्हटलं नाही.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "त्या वेळी मी 'बाबा म्हणतायत' म्हणालो नसतो, तर तुम्ही सांगितलं असतं का?" तो प्रश्नही मी इथे लिहून ठेवतो. 

चिमटा बदलायला आम्ही भांडुपला त्याच दुकानात गेलो. सून म्हणाली, तुम्ही यायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं. मेकॅनिकने मला ओळखलं. मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतंत कोण पडलं. ही पडली." त्याने तिच्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे सगळं तिच्याशीच बोलला. नवा चिमटा, पुढच्या ब्रेकला नवी तार आणि नवी डिस्क. लिव्हर तिच्याकडून दाबून घेतली. उजव्या हाताने जमेना. डाव्याने तिने जोर लावला. लिव्हर मिटली, तिने तळहात उघडून बघितला आणि पदराला पुसला. मला दाखवला नाही.

माझी काळी सायकल मी अजून चांगली मानतो, पण तिच्यावर भांडुपच्या त्या पत्र्यांमधून घाटकोपर गाठायची माझी छाती नाही. सुनेने महिनाभर निरनिराळ्या सायकली चालवून, आपला रस्ता, आपला जिना, आपला डबा बघून ती सायकल निवडली होती. मी गावाकडच्या भाकरीवरून त्या सायकलला नावं ठेवली, आणि नावं ठेवली म्हणून तिच्यात खोट शोधली.

आता नात त्या सायकलवर क्लासला जाते. निघण्याआधी सून खाली जाते, लिव्हर उघडते, मिटते, चाकावर मूठ मारते. मला सायकलला हात लावायची परवानगी नाही, आणि मी मागितलेली नाही.

गेल्या रविवारी दुपारी सून एकटीच सायकल घेऊन खाली निघाली. मीही चपला घालायला लागलो. ती म्हणाली, "तुम्ही घरातच थांबा, बाबा." मी गॅलरीतही गेलो नाही. खुर्चीत बसून राहिलो. गेटची कडी वाजली. मग काही वेळ नुसती शांतता. त्या उताराच्या तोंडाशी ती उभी असणार, एवढंच मला समजत होतं. मग टायरचा बारीक आवाज आला, आणि लगेच ब्रेकची कर्कश शीळ. शांतता. पुन्हा टायर, पुन्हा शीळ, या वेळी जरा दूर.

नवीन डिस्क सुरुवातीला तशी वाजते. मागची जुनी आहे, ती वाजत नाही. ती पुढचा दाबत होती.